जुन्या बेसबॉल कार्डांचा संच आणि माझे सासरे

बेसबॉल हा खेळ मी आजपर्यंत एकदाही पुरता पाहिलेला नाही. त्याचे नियम मला कळत नाहीत आणि कळून घ्यावेत असं कधी वाटलंही नाही. तरीसुद्धा अमेरिकेतल्या जुन्या बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा एक आख्खा संच, एक कार्ड सोडून, मी सिंगापुरात राहून जमवला होता. मंडळाच्या गणपतीत ताटं घेऊन उभं असताना हा विषय निघाला की कुणीतरी विचारतं, आम्हालाही असं काही सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू? दरवेळी तेच सांगून कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

ही कार्डं म्हणजे पुठ्ठ्याचे छोटे तुकडे. पन्नासच्या दशकात तिकडे च्युइंगगमच्या पाकिटात घालून देत. पुढच्या बाजूला खेळाडूचं चित्र, मागे बारीक अक्षरात त्याची माहिती आणि एक नंबर. एका वर्षी निघालेली सगळी कार्डं नंबरवार जमली की संच पुरा झाला.

माझ्याकडे ती आली ती वरकड म्हणून. तुआसमध्ये, इथल्या कारखान्यांच्या भागात, माझा जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा आहे. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गिअरबॉक्स. बंद पडलेल्या कारखान्यातून घ्यायचे, साफ करायचे, विकायचे. आलो होतो शिपयार्डात फिटर म्हणून. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला एक अमेरिकन इंजिनिअर नोकरी संपवून मायदेशी निघाला होता. त्याची हत्यारं घ्यायला मी ईस्ट कोस्टला त्याच्या काँडोवर गेलो. भाव ठरेना. शेवटी मी म्हटलं, तुझ्या आकड्याला घेतो, पण कोपऱ्यातला तो बुटांचा खोका वर दे. भाजीवर कोथिंबीर मागावी तसा मागितला. त्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं, फक्त तो नीट बांधून ठेवलेला दिसत होता. ज्याला माणूस नीट बांधतो त्याची काहीतरी किंमत असते एवढं मला धंद्यानं शिकवलंय. तो जरा थांबला आणि मग घे म्हणाला. मला वाटतं, त्यालाही न्यायचा कंटाळा आला होता.

घरी बुकित पंजांगला येऊन खोका उघडला तेव्हा मुलीनं ओळखलं. ती शाळेत सॉफ्टबॉल खेळायची. दोघांनी जमिनीवर बसून नंबर लावले. निम्म्याहून जास्त संच त्या खोक्यातच होता. उरलेला आपण जमवू असं तीच म्हणाली. पुढे तिचा सॉफ्टबॉल सुटला, अभ्यास वाढला, आणि कार्डं एकट्या माझी राहिली.

नवीन माणसानं पहिली गोष्ट करायची ती म्हणजे एकच वर्ष धरायचं. दिसेल ते घेतलं तर घरात रद्दी होते. दुसरं, माल कशा अवस्थेतला चालेल ते आधी ठरवायचं आणि त्यावर टिकायचं. कार्डाचे चार कोपरे बघायचे, ते गोल झालेले नसावेत. चित्र मधोमध छापलेलं असावं. मधून घडी पडलेली नसावी. कडेला खाच असेल तर समजायचं की कुणीतरी वर्षानुवर्षं रबरबँड लावून ठेवलं होतं. कोपरे फारच टोकदार दिसले तर मोजपट्टी काढायची, कारण काही लोक झिजलेली कड कापून कार्ड नवं करतात. मग ते शेजारच्या कार्डापेक्षा केसभर अरुंद भरतं. नव्यानं छापलेल्या नकलाही असतात. त्यांचा पुठ्ठा पांढराफेक असतो आणि त्यांना जुन्या वहीसारखा वास नसतो.

तिसरं, साध्या खेळाडूंची कार्डं शेवटी घेऊ म्हटलं तरी चालतं, ती कुठेही आणि गठ्ठ्यानं मिळतात. मोठ्या नावांची आणि शेवटच्या नंबरांची आधी घ्यायची. ती दरवर्षी महागच होत जातात. मी हे उलटं केलं. स्वस्त ती आधी भरली आणि आपण फार पुढे आलो असं समजत राहिलो.

माझी बरीच खरेदी एका चिनी म्हाताऱ्याकडून झाली. एका जुन्या, निम्मी शटरं बंद असलेल्या शॉपिंग सेंटरात त्याचा गाळा होता. नाणी, टपाल तिकिटं, कार्डं. त्याला मी अंकल म्हणायचो, तोही मला अंकल म्हणायचा. हव्या त्या कार्डाकडे मी कधी पहिल्यांदा बघत नसे. नको असलेलं मागायचं, त्यावर घासाघीस करायची, ते सोडायचं आणि उठता उठता हवं त्याच्यावर बोट ठेवून म्हणायचं, मग निदान हे तरी दे. शर्टाच्या खिशात देऊ तेवढेच पैसे ठेवायचे आणि खिसा उलटा करून दाखवायचा. एकदा त्यानं माझ्यादेखत भाव वाढवला तेव्हा मी अल्बम आपटून बंद केला, नको ते बोललो आणि निघून आलो. पुढच्या रविवारी गेलो तर ते कार्ड त्यानं काउंटरखाली काढून ठेवलेलं होतं, जुन्याच भावात. म्हणाला, "यू फिनिश अँग्री ऑरेडी?" म्हणजे, झाला का रागावून? राग हा धंद्यात कामाला येतो, पण एका दुकानदारापाशी एकदाच. दुसऱ्यांदा तो हसतो.

हे सगळं मी का करत होतो, हे बायको विचारायची. मी धंद्यात जे घेतो ते विकायलाच घेतो. घरातला पंखासुद्धा कुठल्यातरी लिलावातला, चांगलं गिऱ्हाईक आलं तर जाईल असा. कार्डं तेवढी मी ठेवायला घेतली होती.

सिंगापुरात पुठ्ठ्याचा खरा शत्रू म्हणजे हवा. दमटपणानं कार्डं वाकतात, तांबूस ठिपके पडतात, एकमेकांना चिकटतात. कॅमेरेवाले वापरतात तसलं कोरडं ठेवणारं कपाट घ्या, ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिकाच्या पुड्या. माझा डबाच होता. रोज कामावरून आलो की पुड्या बघायचो, पाऊस असेल तर खिडक्या लावत फिरायचो आणि घरातल्यांवर ओरडायचो. माझं हे ओरडणं एका वर्षी माझ्या सासऱ्यांनी ऐकलं.

सासरे कऱ्हाडकडचे, निवृत्त हेडमास्तर. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. सासूबाई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात बायकोनं त्यांना इकडे आणलं. दिवसभर घरात ते एकटे. बायको ऑफिसात, मुलगी कॉलेजात, मी तुआसला नाहीतर माल बघायला पलीकडे मलेशियात, जोहोरला. सकाळी खाली चक्कर मारायचे, दुपारी टीव्ही लावायचे आणि त्यातलं काही पटलं नाही की बंद करायचे. मग त्यांनी माझा डबा शोधून काढला. मी घरी आलो तर डायनिंग टेबलावर कार्डं ओळीनं मांडलेली आणि हे चष्मा लावून मागची बाजू वाचताहेत. हात धुतले होते का, एवढंच मी विचारलं. "जावईबापू, मी हेडमास्तर होतो," म्हणाले.

मामांवर माझा राग जुना होता आणि तो अजून आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसलो होतो. मुलगा काय करतो, पगार किती, बाहेरदेशी कायमचा राहणार का, हे सगळं त्यांनी माझ्या चुलत्यांना विचारलं. मला एकही प्रश्न नाही. पुढे लग्नाची तारीख ठरली ती मला पत्रानं कळली. आमच्या मुलीचं नाव ठरलं तेव्हा मी शिपयार्डाच्या ड्रायडॉकमध्ये होतो. संध्याकाळी फोनवर सांगितलं, नाव ठेवलं. त्या घरात मला कुणी कधी काही विचारलेलं नाही. मी चार माणसं कामाला ठेवली, फ्लॅट घेतला, तरी नाही. बायको म्हणते, तसा त्यांचा स्वभावच आहे, ते कुणालाच विचारत नाहीत. असेल. मला काय फरक पडतो?

मामांनी कार्डं वाचायला काढली त्याच आठवड्यात मी जोहोरला गेलो होतो. तिथल्या एका बंद कारखान्यातले पंप घ्यायचे होते आणि दोन दिवस लागले. त्याच वेळी अंकलचा फोन आला. माझ्या संचातलं जे एकच कार्ड राहिलं होतं, ते त्याला कुठूनसं मिळालं होतं. रविवारपर्यंत ठेव, मी येतो, असं मी त्याला सांगितलं. पंप स्वस्तात सुटले. मी खुशीत घरी आलो.

टेबलावर पानं होती. ए-फोर आकाराची, चकचकीत, कडक. प्रत्येक पानात कार्डांच्या तीन ओळी, नंबरवार, अगदी सरळ रेषेत. मामांनी सगळा संच लॅमिनेट करून आणला होता.

मी एक पान हातात घेतलं. वाकत नव्हतं. कडेनं नख घालून पाहिलं, प्लास्टिक आणि कार्ड एकजीव झालेली. एकदा गरम रोलरमधून गेलं की ते सुटत नाही; ओढलं तर चित्राचा थर त्याच्याबरोबर निघून येतो. शेवटच्या पानावर, जे कार्ड माझ्याकडे नव्हतं त्याची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. त्या रिकाम्या जागेवरही प्लास्टिक बसलं होतं.

"दमट हवेचं तुम्ही रोज म्हणता ना," मामा म्हणाले. "आता पाण्यात टाका. काही होत नाही."

खालच्या ब्लॉकमधल्या झेरॉक्सवाल्या बाईनं आधी नाही म्हटलं होतं म्हणे. ओल्ड थिंग, अंकल, बेटर डोंट. पण मामांनी तिला इंग्रजीत समजावलं. त्यांच्या घरात महत्त्वाचं जे काही आहे ते सगळं लॅमिनेट केलेलं आहे. मुलांच्या मार्कलिस्टा, सातबारा, सासूबाईंचं सातवी पासचं प्रमाणपत्र, देवघराशेजारी लावलेली आरती. आपल्याकडे हे सगळीकडेच आहे. चांगला कागद हाती आला की आधी प्लास्टिक. माझं आयटीआयचं सर्टिफिकेटसुद्धा तसंच आहे.

मी ओरडेन म्हणून बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी गिऱ्हाइकांवर ओरडतो, ड्रायव्हरवर ओरडतो, कस्टमच्या माणसावर ओरडून एकदा दंड भरलाय. त्या दिवशी आवाज आलाच नाही. दाबला असंही नाही. आत बघितलं तर काही नव्हतं. मी म्हटलं, "जेवायला काय आहे?"

नंतर खोलीत बायको म्हणाली, "अहो, मी म्हटलं होतं त्यांना, आधी ह्यांना विचारा म्हणून. तर म्हणाले, त्यात काय विचारायचं."

मी म्हटलं, बरोबर आहे.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. "जस्ट टेल हिम लाह, बाबा." मी तिला सांगितलं की आजोबा अजून दीड महिना आहेत, टेबलावर रोज समोरासमोर बसायचंय. ती खांदे उडवून आत गेली. आठवडाभर मी काही बोललो नाही. मामा मात्र पाहुणे आले की पानं काढून दाखवायचे. एका शेजाऱ्यानं, जो बँकेत आहे आणि ज्याला या गोष्टी थोड्या कळतात, पान हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. मी त्याला चहा घ्या म्हटलं.

रविवारी अंकलकडे गेलो. शब्द दिला होता. संच गेला म्हणून शब्द जात नाही. पुन्हा कधीतरी त्याच माणसाकडून घ्यायचं असतं. त्यानं कार्ड समोर ठेवलं. चांगलं होतं, एक कोपरा किंचित मऊ. मी नेहमीसारखं आधी नको ते मागितलं, नेहमीसारखा खिसा दाखवला. तो नेहमीसारखा कुरकुरला. माझ्या मनात होता त्याहूनही कमी भावात सुटलं. आजवरची माझी सगळ्यात चांगली खरेदी तीच. अंकल म्हणाला, आता पुरं झालं ना तुझं? मी हो म्हटलं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला बसायला जागा मिळाली. मी ते कार्ड एकदाही पिशवीतून काढून पाहिलं नाही.

संध्याकाळी ते कव्हरासकट टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर मामांनी ते हातात घेतलं होतं. त्यांना फार आनंद झाला होता.

"हेच ना राहिलेलं? द्या इकडे. उद्या सकाळी खाली जातोच आहे, याचंही करून आणतो. एकट्याचं एक पान होईल, चालेल."

"नको," मी म्हटलं.

"का? तेवढंच कशाला उघडं?"

"असंच राहू दे."

मामा मुलांच्या तोंडावरून चुकीचं उत्तर ओळखणारे माणूस. त्यांनी चष्मा काढला. कार्डाकडे बघितलं, मग कपाटाकडे, जिथे पानं ठेवली होती.

"म्हणजे बाकीची मी घालवली?"

"हो."

बायकोनं गॅस बंद केला तो आवाज आला.

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही आधी विचारलं नाही, मी नंतर बोललो नाही."

ते मी शांतपणे बोललो, पंपाचा भाव सांगावा तसं. त्यांनी कार्ड कव्हरात घातलं, माझ्यापुढे सरकवलं आणि जेवायला बसले. जेवले नेहमीइतकेच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली. टीव्ही लावू का, जावईबापू? पंखा दोनवर करू का? दुसरी पोळी घेऊ का? आधी मला वाटलं राग आहे, आणि होताच. मुलगी तोंड फिरवून हसायची. बायकोनं एकदा त्यांना झापलं, "अप्पा, पुरे आता." तर म्हणाले, "विचारून बोलतेस का?" मीही प्रत्येक वेळी उत्तर दिलं. लावा. करा. घ्या. दोघेही हट्टी. महिनाभर हे चाललं आणि हळूहळू त्यातला टोमणा झिजून नुसता प्रश्न राहिला. एका रविवारी मी माझ्या धंद्याचा हिशेब करत असताना ते शेजारी बसले आणि बेअरिंग जुनं असलं तर ते चांगलं आहे हे कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. हातानं फिरवायचं आणि कान लावायचा. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. जावई होऊन तेवीस वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मला बरं वाटायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ते बॅग भरत होते. मधेच उठून माझ्याकडे एक पान घेऊन आले.

"यातलं एक न्यावं म्हणतो. नेऊ का?"

त्यांनी बोट ठेवलं ते कार्ड एका साध्या खेळाडूचं होतं, गठ्ठ्यात मिळणारं. हेच का, मी विचारलं. मोसम संपला की हा माणूस गावातल्या शाळेत शिकवायचा, असं मागे लिहिलंय, ते म्हणाले. दुसरा एक विमा विकायचा, एक बापाच्या शेतावर जायचा, एकाचं किराणा दुकान होतं. असे बरेच आहेत. लॅमिनेट करण्याआधी त्यांनी सगळ्यांच्या पाठी वाचल्या होत्या. मी इतक्या वर्षांत कार्डाची पाठ बघितली ती डाग शोधायला.

"एक नाही देत," मी म्हटलं. "पान कापायला लागेल. मी संच फोडून विकत नाही, फोडून देतही नाही. न्यायचा तर सगळा न्या."

"सगळा?"

"माझ्याकडे जागा अडते."

मी त्यांना माफ केलं असं त्यांनी समजू नये म्हणून मी उठून बॅगेचं वजन करायला काटा आणला. मग त्यांनी टेबलाकडे मान वळवली, जिथे ते उघडं कार्ड होतं.

"आणि ते?"

"ते माझं आहे."

मामांनी मान हलवली.

पानं कडक असल्यामुळे ती बॅगेच्या तळाशी सपाट बसली. लॅमिनेट केलेल्या कागदाला वजन असतं, आणि बॅग मर्यादेच्या वर गेली. मी बायकोनं भरलेली काजूची पाकिटं, भाच्यांची चॉकलेटं आणि बुटांचा एक जोड बाहेर काढला, बॅग पुन्हा काट्यावर ठेवली, चेन लावली. बायकोनं येऊन विचारलं, हे का काढलं? मी म्हटलं, वजन बसत नव्हतं.